विजेच्या तारांवरचा देबुसी

१९७१ साली तोक्योच्या हानेदा विमानतळावर अमेरिकेहून काही जड पेट्या उतरल्या. पेट्यांच्या दर्शनी बाजूला शेकडो खुंट्या, बटणे आणि भोके होती. सोबत जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असायच्या तशा वायरींचा गुंता. कागदपत्रांत या मालाचे वर्णन 'वाद्य' असे केलेले होते. कस्टमच्या अधिकाऱ्यांना ते पटेना. हे लष्करी सामान तर नव्हे, अशी शंका त्यांना आली. शेवटी त्यांनी माल मागवणाऱ्या गृहस्थांना सांगितले की, वाद्य असेल तर वाजवून दाखवा. गृहस्थ पेशाने संगीतकार होते, देशभर त्यांचे नाव होते. पण हे वाद्य त्यांना वाजवता येत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याच्या मालकीचे होऊ पाहत होते. मग एका ब्रिटिश रॉक कलावंताचा, कीथ एमर्सनचा, हेच यंत्र रंगमंचावर वाजवतानाचा फोटो पुरावा म्हणून मागवण्यात आला. यात सुमारे महिना गेला. त्यानंतर पेट्या सुटल्या.

गृहस्थांचे नाव इसाओ तोमिता. यंत्राचे नाव मूग सिंथेसायझर, नमुना 'थ्री-पी'. यातला 'पी' म्हणजे पोर्टेबल, सहज हलवता येणारा. नावे ठेवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी. किंमत सुमारे एक कोटी येन. नावाबद्दल एक गंमत इथेच सांगून टाकतो. ज्या अमेरिकी अभियंत्याने हे यंत्र घडवले त्या रॉबर्ट मूग यांच्या आडनावाचा त्यांना स्वतःला मान्य असलेला उच्चार 'मोग' असा आहे. आपल्याकडे सर्रास मूग म्हणतात आणि मीही पुढे तसेच म्हणणार आहे. पण गोव्याकडच्या वाचकांना खरा उच्चार ऐकून बरे वाटेल. कोकणीत मोग म्हणजे प्रेम. मूग गिळून बसण्यापेक्षा हे बरे.

तोमिता यांचे ५ मे २०१६ रोजी तोक्योत निधन झाले, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. आपल्याकडे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारा वर्ग मराठीत आधीच लहान. त्यातही इलेक्ट्रॉनिक यंत्रावर वाजवलेले अभिजात संगीत म्हटले की शुद्धतावादी नाक मुरडणार आणि तरुणांना ते जुनाट वाटणार. या लेखात मला त्यांचे चरित्र क्रमवार सांगायचे नाही. मला एका प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे. वाजवणाऱ्याचा श्वास, बोट, मनगट यांपैकी काहीच ज्यात थेट लागत नाही अशा यंत्राकडून एखाद्या रचनेचा अर्थ लावून घेता येतो का? तोमितांनी आपल्या उमेदीची वर्षे या प्रश्नावर खर्च केली, आणि त्यांच्याइतके ठोस उत्तर त्या काळात क्वचितच कोणी दिले.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १९३२चा, तोक्योतला. वडील डॉक्टर होते. नोकरीनिमित्त ते चीनमध्ये गेले आणि लहानग्या इसाओची काही वर्षे बीजिंगमध्ये गेली. तिथे स्वर्गमंदिराच्या आवारात एक गोल भिंत आहे. भिंतीच्या एका टोकाला कुजबुजले तर आवाज भिंतीला धरून सरकत जातो आणि पलीकडच्या माणसाच्या कानाशी उमटतो. विजापूरच्या गोलघुमटात ज्यांनी हा खेळ केला आहे त्यांना कल्पना येईल. बोलणारा तिकडे आणि आवाज इकडे, ही चकित करणारी गोष्ट तोमिता म्हातारपणीही सांगत. त्यांच्या संगीताचा उगम मी तरी त्या भिंतीत शोधतो, कारण पुढे आयुष्यभर त्यांना 'कोणता सूर' याच्याइतकीच 'सूर कुठून येतो' याची ओढ राहिली.

युद्धकाळात जपानमध्ये शत्रुराष्ट्रांचे संगीत ऐकण्याची सोय नव्हती. युद्ध संपले, अमेरिकी फौजा आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रेडिओ केंद्र आले. शाळकरी तोमितांच्या कानावर आधुनिक पाश्चात्त्य वाद्यवृंद पडला तो या केंद्रामुळे. पराभूत देशातल्या मुलाला जेत्यांच्या रेडिओने संगीतकार केले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे केइओ विद्यापीठात त्यांनी कलेचा इतिहास हा विषय घेतला आणि संगीतरचना व वाद्यवृंदलेखन खासगी शिकवण्यांतून शिकले. संगीत महाविद्यालयाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. चित्रांचा अभ्यास मात्र रीतसर केलेला होता. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

१९५५मध्ये पदवी मिळेपर्यंत ते जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी, 'एनएचके'साठी, संगीत लिहू लागले होते. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये गेलेल्या जपानी जिम्नॅस्टिक्स चमूसाठी त्यांनी संगीत केले. १९५७मध्ये सुरू झालेल्या 'आजचा स्वयंपाक' या कार्यक्रमाची शीर्षकधून त्यांची. कढई-सुऱ्यांच्या खडखडाटासारखी ती टुणटुणीत धून जपानी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहे. १९६३मध्ये एनएचकेने वर्षभर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिकांची परंपरा सुरू केली, तिच्या पहिल्याच मालिकेचे संगीत तोमितांचे. १९६५मध्ये ओसामु तेझुका यांच्या 'जंगल सम्राट' या रंगीत कार्टून मालिकेसाठी त्यांनी पूर्ण वाद्यवृंद वापरला. सिंहाच्या बछड्याची गोष्ट, पण संगीत असे की मुलांबरोबर बापही थांबून ऐकेल. थोडक्यात, चाळिशीला टेकलेल्या या माणसाला कामाची, पैशाची, मानाची ददात नव्हती.

मग कोटभर येनचे ते धूड त्यांनी कशासाठी विकत घेतले?

वाद्यवृंदाचे रंग अपुरे वाटू लागले, हे त्याचे सरळ कारण. वाग्नरच्या काळापर्यंत वाद्यवृंदाची जडणघडण पुरी झाली होती. त्यानंतर व्हायोलिन, क्लॅरिनेट, हॉर्न, टिंपनी हाच संच रचनाकारांच्या हाती राहिला. त्यातल्या मिश्रणांची संख्या मोठी असली तरी ती अनंत नाही, आणि रोज मालिकांसाठी लिहिणाऱ्या माणसाला तिची सीमा लवकर दिसते. अशा वेळी त्यांच्या हाती वेंडी कार्लोस यांची 'स्विच्ड-ऑन बाख' ही १९६८ची ध्वनिमुद्रिका आली. मूग सिंथेसायझरवर वाजवलेला योहान सेबास्टियन बाख. या ध्वनिमुद्रिकेने अमेरिकेत खळबळ उडवली होती, तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले, आणि अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिच्याइतका खप फार थोड्यांच्या वाट्याला आला. तोमितांना त्यात बाखपेक्षाही ते यंत्र दिसले. सूर तयार करणारे वाद्य नव्हे, तर वाद्यच तयार करणारे वाद्य.

हे यंत्र काय करते ते जरा सविस्तर सांगायला हवे, नाहीतर तोमितांच्या मेहनतीचा अंदाज येणार नाही. त्यात ऑसिलेटर नावाचे भाग असतात. ते ठरावीक गतीने विजेचा चढउतार करतात आणि तो स्पीकरमधून कच्चा, नाकातला, कर्कश आवाज होऊन बाहेर पडतो. विजेचा दाब एक व्होल्टने वाढवला की सूर बरोबर एका सप्तकाने चढतो. मूग यांच्या रचनेचे मर्म या साध्या हिशेबात आहे. हा कच्चा आवाज फिल्टरमधून, म्हणजे गाळणीतून, नेला की त्यातले वरचे स्वरांश कमी-जास्त होतात आणि आवाजाचा पोत बदलतो. तिसरा भाग आवाज किती झटक्यात उठेल, किती वेळ टिकेल, कसा विरेल हे ठरवतो. सतारीचा सूर छेडताक्षणी उठतो आणि लगेच उतरू लागतो, बासरीचा हळूच भरतो. कानाला वाद्य ओळखू येते ते बरेचसे या उठण्या-विरण्यावरून. हे सगळे भाग एकमेकांना वायरींनी जोडायचे. कोणता कशाला जोडावा याचे बंधन नाही. म्हणून शक्यता अगणित, आणि म्हणूनच पेटी उघडल्यावर पहिल्या दिवशी हाती काही लागत नाही.

त्यात तीन मोठ्या अडचणी. एक, हे यंत्र एका वेळी एकच सूर देते. पियानोवर दहा बोटांनी दाबलेला स्वरसमूह इथे दहा वेळा, एकेक सूर करून, टेपवर नोंदवावा लागतो. दोन, यंत्राला स्मरणशक्ती नाही. वायरी काढल्या, खुंट्या फिरवल्या की कालचा आवाज गेला. तो पुन्हा मिळवायचा तर नोंदवहीत सगळी मांडणी लिहून ठेवा, आणि तरी तो तंतोतंत येईल याची हमी नाही. तीन, खोलीचे तापमान बदलले की सूर सरकतो. तंबोरा जुळवून घेणाऱ्या आपल्या गवयांना यात नवल वाटणार नाही, पण तंबोऱ्याला चारच तारा असतात.

तोमितांनी घरातच स्टुडिओ थाटला. सोळा पदरी टेपयंत्र, आवाज घुमवणारी आणि फिरवणारी उपकरणे, आणि मेलोट्रॉन नावाचे, माणसांच्या समूहगानाच्या टेपा वाजवणारे एक वाद्य. एका सुराचा आवाज घडवायचा, तो टेपेच्या एका पदरावर घ्यायचा, टेप मागे न्यायची, दुसरा सूर. पदर भरले की ते एकत्र करून मोकळी जागा करायची. प्रत्येक वेळी थोडी खरखर वाढणार, म्हणून किती वेळा एकत्र करायचे याचाही हिशेब. वर्षाहून अधिक काळ असे काम चालले आणि १९७४मध्ये 'स्नोफ्लेक्स आर डान्सिंग' ही ध्वनिमुद्रिका निघाली. हिमकण नाचताहेत. त्यातली प्रत्येक रचना क्लोद देबुसीची होती.

ही निवड मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. कार्लोस यांनी बाख निवडला त्याला कारण होते. बाखचे संगीत म्हणजे स्वतंत्र ओळींची वीण. एक ओळ धावते, दुसरी तिच्या मागे निघते, तिसरी त्यांना छेदून जाते. एका वेळी एकच सूर देणाऱ्या यंत्राला हे सोयीचे. शिवाय बाख कोणत्याही वाद्यावर बाखच राहतो, त्याचा सांगाडा मोडत नाही. देबुसीचे नेमके उलटे. तिथे ओळींपेक्षा छटा महत्त्वाच्या. सूर एकमेकांत मिसळतात, पियानोचे पेडल दाबून धरलेले असते, आधीच्या सुरांची वाफ पुढच्या सुरांवर तरंगत असते. ही वाफ एकेका थेंबाने बनवायची, असला उद्योग यंत्राच्या स्वभावाविरुद्ध होता. कार्लोस यांनी यंत्राला जे जमते ते त्याच्याकडून उत्तम करून घेतले. तोमितांनी जे जमत नाही ते करायला लावले. कलेच्या इतिहासाचा विद्यार्थी इथे जागा झाला असे मला वाटते. त्यांनी यंत्राकडे रंगाची पेटी म्हणून पाहिले.

आणखी एक धागा आहे. देबुसी स्वतः पूर्वेकडे कान लावून बसलेला माणूस. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जावाचा गामेलान ऐकला आणि तो त्याच्या मनातून कधी गेला नाही. १९०५मध्ये त्याच्या 'ला मेर'ची, म्हणजे 'समुद्रा'ची, स्वरलिपी छापली गेली तेव्हा मुखपृष्ठावर होकुसाईच्या सुप्रसिद्ध लाटेचे चित्र घेतलेले होते. तेव्हा जपानी चित्राने प्रभावित झालेल्या फ्रेंच रचनाकाराकडे, जपानी माणूस अमेरिकी यंत्र घेऊन सत्तर वर्षांनी गेला. पूर्व-पश्चिम संगम वगैरे शब्द मी टाळतो, ते आपल्याकडे फार झिजले आहेत. पण ही देवाणघेवाण खरी आहे आणि ती ऐकू येते.

जपानी कंपन्यांना मात्र हे ऐकू आले नाही. ही ध्वनिमुद्रिका दुकानात कोणत्या कप्प्यात ठेवायची, अभिजात की सुगम, हेच ठरेना. मग विकणार कशी? तोमिता टेप घेऊन न्यूयॉर्कला गेले. तिथे आरसीए कंपनीत पीटर मन्व्हेस होते. पूर्वी दुसऱ्या कंपनीत असताना 'स्विच्ड-ऑन बाख'च्या यशात त्यांचा वाटा होता, त्यामुळे कप्प्यांची चिंता त्यांना नव्हती. ध्वनिमुद्रिका निघाली, तिला ग्रॅमीची चार नामांकने मिळाली, आणि घरच्यांनी नाकारलेले जपानी संगीत परदेशी शिक्का घेऊन जपानमध्ये परत आले. परदेशातून परत आल्यावरच आपले आपल्याला कळणे हा काही फक्त आपलाच दुर्गुण नाही, एवढे समाधान यातून मिळते.

माझी या आवाजाशी गाठ पडली ती नकळत. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' मालिका दाखवत. तिची शीर्षकधून ग्रीक संगीतकार व्हँगेलिस यांची, ती पुष्कळांना आठवते. पण मधूनच एक गंभीर, गहिरा, चर्चमधल्या ऑर्गनसारखा आणि तरीही ऑर्गन नसलेला आवाज येई आणि पडद्यावरच्या ताऱ्यांना एकाएकी खोली येई. तो आवाज तोमितांचा होता, हे मला कित्येक वर्षांनी, त्यांच्या १९७८च्या 'कोस्मोस' ध्वनिमुद्रिकेतला 'सोलारिस नावाचा समुद्र' हा तुकडा ऐकताना कळले. मूळ संगीत बाखचे. म्हणजे मी शाळकरी वयात बाख ऐकला होता, तोही जपानी माणसाकडून, आणि मला दोन्हींचा पत्ता नव्हता.

त्यानंतर मी त्यांच्या ध्वनिमुद्रिका जुन्या बाजारांतून, मित्रांकडून, मिळेल तशा जमवल्या. 'हिमकणां'मध्ये 'बुडालेले कॅथेड्रल' हा तुकडा मला आजही सर्वश्रेष्ठ वाटतो. मूळ पियानोवर पाण्याखालच्या घंटांचा आभास स्वरसमूहांनी निर्माण केलेला आहे. श्रोत्याला कल्पना करावी लागते. तोमितांनी खरोखरच पाणी, धुके आणि दूरचा समूहस्वर उभा केला. इथे आक्षेप घेता येतो की, कल्पनेला जागा उरली नाही. आक्षेप चुकीचा नाही. पण 'बर्फातली पावले' ऐकावे. तिथे त्यांनी जवळजवळ काहीच केलेले नाही. एक विरळ, थरथरता सूर आणि भोवती मोठी रिकामी जागा. ज्याला रंगांची पेटी मिळाली आहे त्याने कागद कोरा ठेवणे याला संयम लागतो. याउलट 'गॉलिवॉगचे केकवॉक' या खेळकर तुकड्यात त्यांचा सुप्रसिद्ध शीळ घालणारा आवाज आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणारी यंत्रे येतात, आणि हसू येते. अभिजात संगीत ऐकताना हसू येणे ही गोष्ट दुर्मीळच.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मुसोर्गस्कीची 'प्रदर्शनातली चित्रे', स्त्राविन्स्कीचा 'अग्निपक्षी' आणि गुस्ताव होल्स्टचे 'ग्रह' आले. 'चित्रां'मध्ये अंड्यातून न निघालेल्या पिल्लांच्या नाचात चिवचिवाटामागे मांजरही आहे. स्वरलिपीत मांजर नाही. मग हा अर्थ लावणे झाले की पदरचे घालणे? 'ग्रह' या रचनेत तर त्यांनी आणखी पुढे जाऊन अवकाशयानाचे उड्डाण, अंतराळवीर आणि नियंत्रण कक्ष यांचे न समजणारे संभाषण, सुरुवातीला आणि शेवटी संगीतपेटीवर वाजणारी गुरू ग्रहाची धून, असे एक श्राव्य नाटकच रचले. होल्स्टचा मृत्यू १९३४चा. ब्रिटनमधील तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पन्नास वर्षे पुरी व्हायची होती, आणि रचनेचे हक्क वारसदारांकडे होते. त्यांनी तीव्र आक्षेप घेतला आणि ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीला अटकाव झाला.

वारसदारांची बाजू मला समजते. 'मंगळ' मध्ये तोमितांचे यंत्र इतके गुरगुरते की युद्धाची भीती जाऊन चित्रपटाची मजा उरते; तिथे ते घसरले आहेत. 'स्टार वॉर्स'च्या धुनीवरची त्यांची करामतही मी पुन्हा लावत नाही. पण तत्त्व म्हणून पाहिले तर मुसोर्गस्कीने १८७४मध्ये 'चित्रे' पियानोसाठी लिहिली आणि आज जग ती ऐकते ती बहुधा राव्हेलने १९२२मध्ये वाद्यवृंदावर चढवलेल्या रूपात. राव्हेलने सॅक्सोफोन घातला तर ती प्रतिभा आणि तोमितांनी मांजर घातले तर तो पोरकटपणा, हा न्याय मला जमत नाही. आपल्याकडे पेटीचे काय झाले ते आठवावे. आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. मींड येत नाही, परकी आहे, यांत्रिक आहे, ही कारणे. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. म्हणजे हानेदा विमानतळावर मूग वाद्य आहे की नाही यावर खल चालला होता त्याच वर्षी आपण पेटीला वाद्य म्हणून थोडेसे आत घेत होतो.

आणि मूग तर आपल्याकडे त्याआधीच येऊन पोचला होता. १९६९मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्र बसवले. म्हणजे तोमितांच्या दोन वर्षे आधी. ज्या गीता साराभाई यांनी १९४६मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताचे धडे दिले होते, त्यांनी आणि आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्या यंत्रावर प्रयोग केले. काही वर्षांत ते थंडावले. टेपा संस्थेच्या ग्रंथालयात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. तो मी मुद्दाम ऐकला. त्यात धिटाई आहे, कुतूहल आहे, काही तुकडे फार सुंदर आहेत. पण एका माणसाने यंत्राबरोबर वर्षभर स्वतःला कोंडून घेणे नाही. यंत्र संस्थेचे होते, कुणा एकाचे नव्हते. त्याचे कर्ज कुणाच्या डोक्यावर नव्हते. मुंबईत मग सिंथेसायझर आला तो चित्रपटसंगीतातून. कर्सी लॉर्ड यांच्यासारख्या हरहुन्नरी वादकाने तो हिंदी गाण्यांत आणला. आणि १९८२मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीची यंत्रे घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची ध्वनिमुद्रिका केली. ती तेव्हा कुणी विचारली नाही, आणि पंचवीसेक वर्षांनी युरोपात तिचा गाजावाजा झाला. मघाशी जपानी कंपन्यांबद्दल लिहिले ते इथेही लागू.

तोमिता मात्र ध्वनिमुद्रिकेत मावेनासे झाले. बीजिंगच्या भिंतीने लावलेले वेड त्यांना दोन स्पीकरांत गप्प बसू देईना. चार स्पीकरांसाठी ते आधीपासूनच मिश्रण करत. १९८४मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरी, डॅन्यूब नदीवर, त्यांनी खुला कार्यक्रम केला. स्वतः नदीवर टांगलेल्या पारदर्शक पिरॅमिडमध्ये यंत्रे घेऊन बसले; स्पीकर दोन्ही काठांवर, पाण्यावर आणि वर आकाशात. श्रोते सुमारे ८०,०००. काठावरच्या माणसाला आवाज एकदा पाण्यावरून, एकदा पाठीमागून, एकदा डोक्यावरून येई. असेच प्रयोग नंतर १९८६मध्ये न्यूयॉर्कला आणि १९८८मध्ये सिडनीला झाले. या भव्यतेबद्दल मला थोडी शंका आहे. जत्रेत संगीत हरवते. पण ज्याने घरात बसून एकेक सूर वेचला त्यालाच नदीभर सूर पसरायची हौस असावी, यात विसंगती दिसत नाही.

दरम्यान यंत्रे बदलली. अनेक सूर एकदम देणारी, आवाज लक्षात ठेवणारी, बटण दाबले की तयार व्हायोलिन देणारी यंत्रे आली. तोमितांचे तरुण साहाय्यक हिदेकी मात्सुताके यांनी त्यांच्याकडे शिकलेली विद्या 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' या गटात नेली, आणि जपानी इलेक्ट्रॉनिक पॉप जगभर पोचले ते बरेचसे त्या खांद्यांवरून. गुरू मात्र हळूहळू जिवंत वाद्यवृंदाकडे वळले. १९९८मध्ये त्यांनी 'गेंजीची कथा' या अकराव्या शतकातल्या जपानी अभिजात कादंबरीवर जपानी पारंपरिक वाद्ये आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद घेऊन मोठी रचना केली. योजी यामादा यांच्या २००२च्या 'ट्वायलाइट सामुराई' चित्रपटाचे संगीतही त्यांचे.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. यंत्राला गायला लावायची. मूगकडून त्यांनी शीळ काढून घेतली, 'पा पी पू' सारखे ओठांचे आवाज काढून घेतले. शब्द काही निघेनात. २००७मध्ये एका जपानी कंपनीने हात्सुने मिकू नावाची संगणकीय गायिका बाजारात आणली. खऱ्या स्त्रीच्या आवाजाचे नमुने, त्यांतून संगणकाने जुळवलेले गाणे, आणि पडद्यावर दोन लांब निळसर वेण्यांची मुलगी. पोरासोरांची करमणूक म्हणून थोरांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले. ८० वर्षांच्या तोमितांनी केले नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये तोक्योत त्यांची 'इहातोव्ह सिंफनी' सादर झाली. केंजी मियाझावा हा इवाते प्रांतातला, १९३३मध्ये ३७व्या वर्षी वारलेला कवी-कथाकार. त्याच्या कथाविश्वावर ही रचना बेतलेली. दीडेक वर्षापूर्वीच, मार्च २०११मध्ये, त्याच इवातेच्या किनाऱ्यावर त्सुनामी येऊन गेली होती. मोठा वाद्यवृंद, माणसांचे समूहगान, मुलांचे समूहगान आणि त्यांच्यासमोर पडद्यावर गाणारी, शरीर नसलेली मुलगी.

या प्रयोगात तांत्रिकदृष्ट्या एक लहानशी वाटणारी गोष्ट होती. यंत्र आणि वादक एकत्र आले की एरवी वादकांना यंत्राच्या ठोक्यावर चालावे लागते. कानात टिकटिक लावून वाजवावे लागते. तोमितांनी हे नाकारले. संवाहकाची काठी जशी हळू-जलद होईल तशी मिकू गाईल, अशी व्यवस्था करून घेतली. लयीच्या बाबतीत यंत्राने माणसाच्या मागे यायचे. साथीदाराने गवयाच्या मागे जावे तसे. चाळीस वर्षे यंत्राबरोबर काढलेल्या माणसाचा हा आग्रह होता.

शेवटची रचना 'डॉक्टर कोपेलिउस'. 'कोपेलिया' या १८७०च्या फ्रेंच बॅलेतला बाहुलीत जीव ओतू पाहणारा म्हातारा तिचा नायक. या कल्पनेमागे हिदेओ इतोकावा होते. जपानी अग्निबाणविद्येचे हे जनक उतारवयात बॅले शिकले होते; तोमितांशी त्यांचा स्नेह होता. इतोकावा १९९९मध्ये गेले. त्यांच्या नावाच्या लघुग्रहावरून जपानी यान २०१०मध्ये धूळ घेऊन परत आले, आणि तोमिता मित्राचे राहिलेले काम घेऊन बसले. मे २०१६मध्ये ते गेले तेव्हाही त्याच कामाच्या बैठका चालू होत्या आणि रचना अपुरी होती. सहकाऱ्यांनी ती रंगमंचावर येईल इतपत उभी केली. नोव्हेंबर २०१६मध्ये तोक्योत ती सादर झाली. त्यात मिकू गायली, आणि एका हाडामांसाच्या नर्तकाबरोबर नाचलीही.